वळच्या फाट्यावरचा लाल दिवा

सोमवारी सकाळी हे ऑफिसला गेले. दुपारी ऑफिसातले दोघे घरी आले. त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या, आणि हे टेबलाशी बसले असताना गेले, असे सांगितले.

तो श्रावण होता. ज्या प्रवासाबद्दल लिहिते आहे तो मार्गशीर्षातला. मधल्या काळात मी नोकरी सोडली नाही. ठाण्याच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात मी काम करते. पुस्तके देणे, परत घेणे, जागच्या जागी लावणे, एवढे दुःखातही करता येते. घरी मात्र मला कोणी काही करू देईना. येणाऱ्या नणंदा, जावा, शेजारणी माझ्या हातची विळी काढून घेत आणि म्हणत, तुम्ही पडा जरा. मी पडून छताकडे पाहत असे.

इमारतीच्या मागे ह्यांची गाडी उभी होती. करड्या रंगाची, दुसऱ्याने वापरून विकलेली. नाशिकला माझे दीर मधूभाऊजी राहतात. त्यांनी तिच्यासाठी गिऱ्हाईक पाहिले आणि ड्रायव्हर पाठवतो म्हणून कळवले. मी उलट कळवले, ड्रायव्हर नको, मीच घेऊन येते. गाडी चालवायला मला ह्यांनीच शिकवले होते. ती दुसऱ्याच्या हाती द्यायचीच असेल तर तिथवर मी न्यावी, एवढेच मनात होते.

नाशिकबद्दल पुष्कळांनी लिहिले आहे. मी लिहिते आहे ते भिवंडीच्या अलीकडच्या एका गावाबद्दल. तिकडे मुद्दाम कोणी जात नाही. भिवंडीवरून जातात, आणि जाताना गाडीच्या काचा वर करून घेतात. मीही तशीच जाणार होते.

कशेळीच्या पुलावर

काचेवरच्या कुंकवाबद्दल आधी सांगितले पाहिजे.

आदल्या वर्षीच्या दसऱ्याला ह्यांनी गाडीची पूजा केली. मी तबक धरून उभी होते. बॉनेटवर आणि चाकांवर टिळे लावून झाल्यावर हे आत वाकले, आणि समोरच्या तबकडीच्या काचेवर, खालच्या कोपऱ्यातल्या एका बारीक दिव्यावर त्यांनी कुंकवाचे बोट टेकवले. "हा इंजिनाच्या तेलाचा दिवा," ते म्हणाले. "गाडीतला सगळ्यांत मोठा अधिकारी. ह्याचा मान राहायला हवा."

बाहेरचे टिळे पावसाने गेले. काचेवरचा राहिला. गंधात कालवलेले कुंकू वाळून घट्ट बसले होते, आणि जवळून पाहिले की त्यात बोटाच्या रेषा दिसत. हे गेले त्या वर्षीचा दसरा आम्ही केला नाही, त्यामुळे जुने पुसून नवे लावण्याचा प्रसंग आला नाही. घरात ह्यांच्या वस्तू पुष्कळ होत्या. ह्यांचे बोट उमटलेली ही एकच.

त्या दिव्याबद्दल ह्यांनी मला एक नियम सांगितला होता. किल्ली फिरवली की तो लागला पाहिजे, इंजिन सुरू झाले की विझला पाहिजे. चालत्या गाडीत लागला तर थांबायचे. कुठे आहोत, कोणाकडे पोचायचे आहे, ते सगळे थांबल्यावर बघायचे. नियम मला पाठ होता. दिवा मात्र टिळ्यामुळे धड दिसत नसे, कडेने लाल फट दिसे तेवढीच. ह्यांचे त्यावाचून अडले नाही, कारण त्यांना इंजिनाचा आवाज कळायचा. मला तो कधी कळला नाही.

कशेळीच्या पुलावर खाडीला भरती होती. होड्या उंच तरंगत होत्या आणि खाऱ्या चिखलाचा वास गाडीत येत होता. ह्यांच्याबरोबर येताना मी दर वेळी डावीकडच्या खिडकीतून ही खाडी पाहिली होती. चालवणाऱ्याला ती जवळजवळ दिसतच नाही, हे त्या दिवशी कळले. पुलानंतर दोन्ही बाजूंना कापलेली भातशेते लागली. खळ्यांवर पेंढ्यांच्या उडव्या रचलेल्या होत्या. एका मोरीपाशी रस्ता उखडला होता. खालून दगड लागल्याचा आवाज आला. गाडी नीट चालत राहिली, म्हणून मीही चालवत राहिले. ऊन समोरून येत होते आणि काचेवरचे कुंकू चमकत होते.

पुढे चिंचेची झाडे आली आणि गाडी सावलीत शिरली. सावलीत कुंकू काळपट दिसते. काचेवरचे मात्र पेटल्यासारखे दिसत होते.

मी गाडी कडेला घेतली आणि किल्ली बंद केली.

वळचा फाटा

एवढी शांतता मी बऱ्याच दिवसांत ऐकली नव्हती. इंजिन निवेपर्यंत आत बसून राहिले. मग बॉनेट उघडले, तेल मोजायची पट्टी काढली, पुसली, परत बुडवली आणि बाहेर काढली. पट्टी कोरडी होती.

गाडीखाली काळे थारोळे साचत होते. दिवा कधी लागला ते मला ठाऊक नव्हते. आत्ता लागला असेल तर इंजिन वाचले असेल. पुलापासून लागलेला असेल आणि मी त्याला ऊन समजले असेन, तर गाडी संपली होती.

मागे थोड्या अंतरावर शेतातून एक बाई रस्त्यावर चढली आणि चालत आली. डोक्यावर पेंढ्याचा भारा, हातांवर हिरवे गोंदण, कपाळावर रुपयाएवढे कुंकू. भाऱ्यासकट ती माझ्यासमोर उभी राहिली.

"बाय, गाडी बंद पडली क?"

"पडली नाही. मी बंद केली. आतला दिवा लागला."

"दिवसाढवल्या?"

मी तिला दाखवले. तिने खिडकीतून डोके घालायला पाहिले, भारा अडकला, तशी वाकून पाहिले. "यो तर कुकू हाय," ती म्हणाली. मग माझ्या कपाळाकडे पाहिले. "तुमी एकल्याच? मालक?"

"श्रावणात गेले."

तिने भारा खाली ठेवला. हळहळली नाही, डोळ्यांना पदर लावला नाही. "मंग आता गाडीचा बगू," असे म्हणाली.

तिचे नाव बेबीबाई. गाव वळ, फाट्यापासून आत थोडे चालत. तिचा नवरा हरिभाऊ गावातली भातगिरणी चालवतो, गिरणीला तेलावरचे इंजिन आहे, त्यामुळे इंजिनाचे तेल घरात असते. पण तो गिरणीचा पट्टा आणायला भिवंडीला गेला होता आणि संध्याकाळशिवाय येणार नव्हता. हे सगळे तिने पदराने मान पुसता पुसता सांगितले. मग म्हणाली, "तुमची गाडी रडत आली हाय. येताना मना रस्त्यावर ठिपके दिसले. मना वाटला कोनाचा रॉकेलचा डबा गलला."

"कुठपासून?"

"चला, दाखवते."

आम्ही दोघी रस्त्याने मागे चालत गेलो. मी आयुष्यात पुष्कळ पुस्तके खाली मान घालून वाचली आहेत, रस्ता तसा कधी वाचला नव्हता. गाडीजवळ तेलाची सलग रेघ होती. पुढे रेघेचे ठिपके झाले, ठिपके लांब लांब पडत गेले, आणि मोरीपाशी, उखडलेल्या जागी, पहिला ठिपका सापडला. त्याच्यामागे रस्ता कोरडा होता. बेबीबाई आणखी पुढे जाऊन खात्री करून आली.

मोरीवरून मागे पाहिले तर चिंचांखालची गाडी दिसत होती.

"जवल हाय," बेबीबाई म्हणाली. "जास्त न्हाय रडली."

मधूभाऊजी नाशिकला वाट पाहत असतील, असे मी बोलून गेले. ती रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि नाशिकची एस.टी. हात करून थांबवली. कंडक्टरला माझ्या दिरांचा पत्ता माझ्याकडून सांगवला, आणि वर म्हणाली, "सांगशील ना? इसरलास तर उद्या हितंच उबी हाय मी." कंडक्टर म्हणाला, "मावशी, तुमच्यापायी गाडी लेट." पण पत्ता त्याने दोनदा म्हणून दाखवला. आमच्याकडे अशा निरोपावर कोणी विसंबणार नाही. मी विसंबले, कारण दुसरे काही नव्हते. निरोप त्याच रात्री पोचला.

बेबीबाईचे अंगण

कुडाच्या भिंती, वर कौले, पुढे सारवलेले अंगण. एका कोपऱ्यात नवे भात वाळत घातले होते. मला तिने पाणी दिले, गुळाचा खडा दिला आणि लगेच पुढ्यात भिजवलेल्या वालांचे पातेले ठेवले.

"सोला," ती म्हणाली. "मी भाकऱ्या करते."

मी पातेल्याकडे पाहत राहिले. श्रावणापासून कोणी मला घरकाम सांगितले नव्हते. वालाचे साल दोन बोटांत दाबले की दाणा निसटून येतो. पहिले काही दाणे अंगणात उडाले आणि कोंबड्यांनी खाल्ले. बेबीबाई चुलीपासून ओरडली, "कोंबड्यांना जेवन मी दिलाय, बाय." त्यानंतर माझा हात बसला.

घराघरांत भिवंडीच्या लूमचे टाकाऊ सूत होते. मागावरून उतरलेला पांढरा गुंता इथे कशालाही वापरतात. बेबीबाईच्या हंड्याखालची चुंबळ सुताची होती, दिव्याची वात सुताची, गाईच्या दाव्याला बांधलेला जोड सुताचा. तिचा धाकटा दीर लूमवर शिफ्टला जातो आणि येताना ते घेऊन येतो. माझ्या घरी वाण्याच्या पुड्यांचा दोरा गुंडाळून ठेवतात, तोही पुढे कशाला वापरत नाहीत.

तांदळाची भाकरी मी पूर्वी खाल्ली होती, पण ती ठाण्यात, थोडी चिवट. इथली गरम पाण्यात मळलेली, तव्यावरून उतरताना कागदासारखी फुगलेली, हाताने मोडताना आवाज न करणारी. तिच्याबरोबर वालाचे कालवण आणि मिठात मुरलेली हिरवी मिरची. सुके बोंबील मी खात नाही म्हटल्यावर बेबीबाईला वाईट वाटले. हे गेल्याचे कळले तेव्हाही तिच्या तोंडावर एवढे वाईट उमटले नव्हते.

जेवताना मी विचारले, तुमच्यात घरातले माणूस गेले की किती दिवस पाळतात?

"बारावा झाला का शेतात. लावनीच्या टायमाला सासरा गेला माझा. तेराव्याला सासू चिखलात उबी. रडत होती आनी लावत होती." तिने माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. "भात थांबत न्हाय."

आमच्याकडे वर्षभर काही करू देत नाहीत, असे मी सांगितले. तिने चुलीतले लाकूड आत सरकवले. "मंग दिवस कसा जातो?"

मी ताटातली भाकरी मोडली.

संध्याकाळी हरिभाऊ खांद्यावर चामड्याचा पट्टा टाकून आला. उंच, किडकिडीत, बोलण्याआधी हसणारा माणूस. सगळे ऐकून घेतल्यावर म्हणाला, "गाडीचा मना कलत न्हाय. पन इंजिन ते इंजिन." सुगी सरल्याने बैल बांधूनच होते. त्याने जोडी सोडली आणि फाट्यावर नेली. गाडीला दोर बांधताना बैलांना म्हणाला, "आज तुमी ड्रायव्हर." मी आत बसून स्टिअरिंग धरले. बंद गाडी बैलांच्या चालीने गावात शिरली आणि गिरणीच्या अंगणात उभी राहिली. वाटेत कोणी हसले नाही. एका म्हाताऱ्याने तेवढे विचारले, "हरी, भात दलाचा हाय क मोटार?"

गिरणी

सकाळी हरिभाऊ गोणपाट अंथरून गाडीखाली गेला. दगडाने खालच्या टाकीला पोचा पडला होता, तेल सोडायचा बोल्ट ढिला झाला होता आणि त्याचा वॉशर फाटला होता. बेबीबाईने घरातून सूत आणले. हरिभाऊने ते तेलात भिजवून बोल्टाच्या आट्यांवर घट्ट गुंडाळले आणि बोल्ट परत बसवला. "भिवंडीपरयंत जाईल," तो खालूनच म्हणाला. "तितं तांब्याचा वॉशर घ्या." मग गिरणीतले तेल गाळून गाडीत ओतले. पट्टी मी पाहिली. बरोबर खुणेपर्यंत भरली होती.

"आता किल्ली मारा," हरिभाऊ म्हणाला, आणि लगेच, "थांबा. दिवा बगाचा कसा? त्याच्यावर कुकू हाय."

"कडेने थोडा दिसतो."

"थोडा न्हाय चालाचा, बाय. इंजिन लागल्यावर विझला न्हाय तर तवाच बंद कराचा. न्हायतर वाचला असंल ते पन जाईल."

ते खरे होते. हाच ह्यांचा नियम होता. हरिभाऊने सुताचा बोळा उचलला, काचेपर्यंत नेला आणि मागे घेतला. "मी न्हाय पुसनार. बेबी, तू पूस."

"मी?" बेबीबाई दोन पावले मागे सरली. "कुकू पुसाचा काम मना सांगू नको. मी हात लावनार न्हाय."

दोघे माझ्याकडे बघेनात. माझे कुंकू श्रावणात पुसले ते माझ्या थोरल्या नणंदेने, ओल्या फडक्याने, तोंड दुसरीकडे करून. मी गाडीत बसून काचेकडे पाहिले. सकाळच्या उजेडात बोटाच्या रेषा एकेक मोजता आल्या असत्या. हे ठेवले तर इंजिनाचे कळणार नव्हते. इंजिनाचे बघायचे तर हे जाणार होते.

बेबीबाईने खिडकीतून डोके आत घातले. "लावला कोनी हा?"

"ह्यांनी."

"शिकलेले होते ना?"

"हो. नकाशे काढायचे."

"आनी कुकू डोल्यात लावला?"

"बेबी," हरिभाऊ म्हणाला.

मला हसू आले. आधी वाटले खोकला आहे. मग आवरेना. स्टिअरिंगवर कपाळ टेकून मी हसत होते. नकाशात एक रेघ तिरपी गेली तर अख्खा कागद पुन्हा काढणारा माणूस, आणि त्याने गाडीच्या डोळ्यात कुंकू घातले, वर त्याला मान म्हटले. हे तिथे असते तर त्यांनी चष्मा काढून पुसला असता आणि कबूल केले असते.

"ये गो इकडं," बेबीबाई म्हणाली. एका रात्रीत ती मला 'बाय'वरून 'गो'वर आली होती. तिने मला गिरणीत नेले. आत भाताच्या कोंड्याचा गोड, कोरडा वास होता. काळ्या इंजिनाच्या अंगावर वरच्या बाजूला कुंकवाच्या टिकल्यांची रांग होती, डावीकडच्या फिकट, उजवीकडची नुकत्याच गेलेल्या दसऱ्याची, लालभडक. "आमी जुना पुसत न्हाय. दर साली बाजूला नवा लावताव. पन बग, काचेवर एक तरी हाय?" तेल दिसायची छोटी काच स्वच्छ होती. "तुजा पन पुसू नको. तितून काढ आनी कपालावर ठेव. हलवाचा फक्त."

इंजिनाचे कपाळ त्यांना ठाऊक होते. गाडीचे कुठे असते, हे मला ठरवायचे होते.

तांब्यातल्या पाण्यात मी बोट बुडवले आणि काचेवर टेकवले. कुंकू लगेच सुटले नाही. हळूहळू ओले झाले. आधी रेषा गेल्या. मग रंग माझ्या बोटावर आला. जेवढे आले तेवढे स्टिअरिंगच्या मधोमध लावले. वाळल्यावर त्यात रेषा दिसल्या, त्या माझ्या बोटाच्या होत्या.

मी किल्ली फिरवली. दिवा लागला. वर्षभराने तो मला पूर्ण दिसला, गोल आणि लाल. आणखी फिरवली. इंजिन खोकले आणि सुरू झाले. दिवा तसाच होता. हरिभाऊने हात वर केला, आता बंद करा म्हणणार तोच दिवा विझला.

इंजिनातून एक बारीक टकटक येत होती, ती पूर्वी नव्हती.

"ती ऱ्हाईल," हरिभाऊ म्हणाला. "चालंल पन."

भिवंडी

हरिभाऊ तेलाचा डबा घेऊन बोल्टावर लक्ष ठेवायला शेजारी बसला आणि आम्ही भिवंडीत गेलो. काचा मी खाली ठेवल्या. गल्लीच्या दोन्ही बाजूंनी लूमचा खडखडाट येतो. थोड्या वेळाने तो कानांपेक्षा छातीत ऐकू येतो. वॉशर मिळाला त्या दुकानाला लागूनच एक कारखाना होता. दुकानदार बोल्ट बसवत होता तोवर मी दारातून पाहिले. उत्तरेकडून आलेला एक कारागीर चार लूम सांभाळत होता. त्यातला एक एकदम थांबला. काही बिघडले का, मी विचारले.

"बिगडा नही, बहनजी," तो म्हणाला. "तार टूटी. तार टूटते ही लूम खडा हो जाता है." त्याने तुटलेला दोरा शोधला, दोन बोटांत गाठ मारली आणि लूम पुन्हा लावला. "खडा नही हुआ तो पूरा थान खराब. फिर सेठ के सामने हम खडे."

हरिभाऊ त्याच्याशी हिंदीत बोलला, माझ्याशी मराठीत, दुकानदाराशी दोन्हींत, आणि कुठेही अडखळला नाही. मी त्याला परतीच्या एस.टी.त बसवले. तेलाचा डबा त्याने माझ्या गाडीतच ठेवला. "टकटक वाढली तर थांबा, आनी वता," असे सांगून गेला.

नाशिक आणि परत

कसाऱ्याचा घाट मी सावकाश चढले आणि दिवा एकदाही लागला नाही. भाऊजी दारातच उभे होते. "वहिनी, रात्री एक कंडक्टर आला होता. चहा पिऊन गेला. वळची मावशी कोण?"

गिऱ्हाईक म्हणजे एक वकील. त्यांनी इंजिन ऐकले आणि आवाज कसला, असे विचारले. मी सगळे सांगितले, मोरीपासून. वकिलांनी शांतपणे ऐकून घेतले, घाई नाही म्हणाले आणि गेले.

"एवढं सांगायची गरज होती का, वहिनी?"

"त्यांनी विचारलं."

"आवाजाचं विचारलं. त्यात बेबीबाई कुठून आल्या?"

भाऊजी एक जेवणभर नाराज होते. संध्याकाळी ते गाडीत जाऊन बसले. स्टिअरिंगवरची टिकली पाहून म्हणाले, "हे दादानं लावलेलं?"

"त्यांनी लावलं होतं काचेवर. मी तिथून काढून इथं लावलं."

त्यांनी टिकलीला हात लावला नाही, उतरून दार हलकेच लावले. नंतर त्यांनी दुसरे गिऱ्हाईक आणले नाही.

परतताना मी वळच्या फाट्यावर आत वळले. हरिभाऊला तेलाचा भरलेला डबा दिला, बेबीबाईला नाशिकचा चिवडा. तिने मला वाल सोलायला बसवले.

ह्या गोष्टीला आता दोन दसरे होऊन गेले. गाडी माझ्याकडे आहे. इंजिनात टकटक आहे. किल्ली फिरवली की दिवा लागतो, आणि थोड्या वेळाने विझतो.